सोळा बटणांचा ढोल

नवीन जालना,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप रायभानमामांस,
पायलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, मोबाइलवरची अक्षरं बारीक पडतात, आणि ही बातमी काही ओरडून सांगायची नाही, म्हणून पत्र. मामा, मी ड्रम मशीन घेतलं. आई म्हणते, बियाणे कंपनीत चांगली पॅकिंगवर देखरेख करतेस, त्यात हे खोकं कशाला. खोकं म्हणजे पोथीएवढं आहे. एका ओळीत सोळा बटणं. जिथे ठोका हवा ते बटण दाबून ठेवायचं. मग एक बारीक दिवा डावीकडून उजवीकडे चालत जातो आणि ठेवलेला ठोका आला की वाजवतो. कॉम्प्युटर लागत नाही. बोटं आणि स्पीकर, बास.

मी त्यात स्वतःचे आवाजही भरलेत. भेंडीच्या बियांची पिशवी हलवून खुळखुळ घेतली, आईचा खलबत्ता घेतला, दर्ग्याजवळच्या कव्वालांच्या टाळ्या घेतल्या. खाली परदेशातल्या नाचघरांत असतो तसा जाड ठोका. कव्वाली म्हणावी तर नाही, डीजे म्हणावं तर तेही नाही. ऐकणारा विचारतो, हे नेमकं काय आहे, आणि मला त्याचाच आनंद होतो.

फक्त एका जागी अडलं आहे. तुमच्या ढोलाचा फेर त्यात बसवून पाहिला. ठोके सगळे जागेवर पडतात, पण ढोल डुलत नाही. पोलिसांच्या कवायतीसारखा चालतो. तुम्ही वाजवताना वेगळं काय करता ते लिहून कळवाल का?

मामींना नमस्कार. भाचीवर माया आहे तेवढी राहू द्या, थोडी वाढली तरी चालेल.

आपली,
पायल


वाडी, ता. अंबड,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. पायल हिस,
रायभानमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मामीनं आधी वाचलं, मंग मला दिलं. म्हणली, पोरगी लई खूश दिसून राह्यली. मी म्हणलं, का नसावी, असा वाजवणारा गडी भेटलाय की त्याला ना चहा लागतो ना तंबाखू.

तुझ्या सवालाचा जवाब असा. ढोल वाजवताना मी मोजत न्हाई. माझी नजर फेरात नाचणाऱ्या गड्यांच्या पायावर असती. पाय उचलला की थांबायचं, टेकला की मारायचं. गडी म्हातारा असला तर जरा जास्त थांबायचं. तुझ्या मशीनला पाय दिसत असतील तर त्याला तसं सांग.

इकडची खबर बरी न्हाई. पोळ्याला बैल उधळला अन् माझा खांदा निखळला, तव्हापासून ढोल गळ्यात घेता येत न्हाई. माझा जोडीदार आदिनाथ पुण्याला कंपनीत गेला. चैत्रात बिरोबाच्या यात्रेला यंदा ढोलच न्हाई, मंग फेर कशाचा. देवळापुढं डीजे आणायचं चाललंय. फेराचा म्होरक्या रखमाजी तव्हापासून कोणाशी धड बोलत न्हाई. एक साल फेर मोडला की पुन्हा उभा राहत न्हाई, हे त्याला बी कळतं अन् मला बी.

मी त्याला तुझ्या मशीनचं सांगितलं. तो म्हणला, देवापुढं बिजलीचा ढोल चालणार न्हाई. मी म्हणलं, देवळातला दिवा बी बिजलीचाच है. त्यावर उठून गेला. पण सकाळी परत आल्ता, पोरगी कधी येती म्हणून विचारायला. तर तू ये. जल्दी कळव.

मामाला विसरू नको. विसरलीस तर मामी आठवण करून देईल, आणि तिचा आवाज मला बी ऐकू येतो.

तुझा,
रायभानमामा


नवीन जालना,
२३ मार्च २०२५

ती. मामांस,
पायलचा शि. सा. न.

येते. सुट्टी मंजूर झाली आणि आईसुद्धा येते आहे.

तुमचं पत्र समोर ठेवून बसले. मशीनला एक खुंटी आहे, ती फिरवली की दर दुसरा ठोका किंचित उशिरा पडतो. त्यानं ढोल पहिल्यांदा डुलला. मी खुर्चीतून उठून एकटीच खोलीभर फिरले, खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारलं, काही पडलं का.

गेल्या आठवड्यात इथल्या एका छोट्या हॉलमध्ये वाजवायला मिळालं. आधी लोक गाणारी कधी येते म्हणून वाट बघत होते. एकानं वरातीतलं गाणं लावायला सांगितलं, मी नाही म्हटलं. काही जण उठून गेले. मग टाळ्या आणि ढोल एकत्र आले तेव्हा मागच्या दोन मुली उभ्या राहिल्या, आणि शेवटी खुर्च्या भिंतीला लावाव्या लागल्या.

पण हॉलमधले लोक अनोळखी होते. वाडीत फेर बिघडला तर तो माझ्यामुळे बिघडेल. आई म्हणते, माझं माहेर आहे ते, जपून कर. आणि मामा, मला ढोलाची नुसती नक्कल करायची नाही. मधे टाळ्या, खुळखुळ, ते जाड ठोके हवेत. रखमाजीकाकांना विचाराल का? हो म्हणाले तर ठीक, नाही म्हणाले तर मला कळवूच नका.

लोभाची ऊब असू द्या, त्या दिवशी फार लागणार आहे.

आपली,
पायल


वाडी, ता. अंबड,
२२ एप्रिल २०२५

चि. पायल हिस,
मामा-मामीचे आशीर्वाद. रखमाजीचा बी एक है, त्यानं मुद्दाम लिहायला लावला.

यात्रा झाली अन् तू लगेच ड्यूटीवर गेलीस, बोलणं राहूनच गेलं. गाव अजून तेच बोलून राह्यलं. तुझी नजर पायावर व्हती, म्हणून आजूबाजूचं जे तुला दिसलं नसंल ते लिहितो.

सुरुवात बिघडली ते तुला माहीत है. तू मशीन चालू करून सोडलंस, ते आपल्या चालीनं निघालं अन् म्हातारे गडी मागं राह्यले. रखमाजीचा पाय दुसऱ्याच्या पायात आला. त्यानं हातातला रुमाल खांद्यावर टाकला अन् बाजूला झाला. पारावरचे हसले. तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बोलावून आणून पोरीची फजिती केली.

मंग तू ते चालतं मशीन बंद केलंस अन् नुसती बोटं बटणावर ठेवून मान वर केलीस. रखमाजीनं ते पाह्यलं. तुझी परीक्षा घ्यायला त्यानं एक पाय उचलला अन् तसाच धरून ठेवला. तू थांबलीस. सगळी यात्रा थांबली. त्यानं पाय टेकवला तव्हाच तू बटण दाबलंस अन् ठोका पडला. तिथून तो परत फेरात आला अन् बाकीचे त्याच्या मागं.

तू मधी टाळ्या घातल्यास तव्हा डीजेच्या आशेनं आलेली पोरं शिरली. अन् त्यांच्या मागं तुझी मामी. आपल्या फेरात बाई कधी नव्हती. रखमाजीनं तिच्याकडं पाह्यलं. मला वाटलं, आता थांबवतो. त्यानं सरकून जागा दिली. घरी आल्यावर मी मामीला विचारलं, तर म्हणली, लग्न होऊन आले तव्हापासून पाय शिवशिवून राह्यले व्हते, कोणी विचारलंच न्हाई. मी बी कधी विचारलं नव्हतं.

आता माझं. खालचा जाड ठोका जमिनीतून पायात अन् पायातून छातीत आला, बराबर कळला. वरचं काहीच कळलं न्हाई. लोक कशावर तरी खुलून राह्यले ते दिसत व्हतं, पण कशावर ते मला ऐकूच आलं न्हाई. रात्री जेवण गेलं न्हाई. तुझी आई मागं एकदा कानाला मशीन लावा म्हणली व्हती, तव्हा मी तिला, ढोलवाल्याच्या कानात खुंटी शोभती का, असं म्हणून वाटंला लावल्तं. मागच्या हप्त्यात गुपचूप अंबडला जाऊन कान तपासून आलो. कानाचं मशीन सोमवारी जालन्याला बसवणार हैत.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको. मामी संग है, भाकरी बांधून आणती, तू चूल पेटवू नको. दवाखान्यातून थेट तुझ्याकडं येतो. तू फक्त सगळं जोडून तयार ठेव, अन् सुरुवात एकदम बारीक आवाजापासून कर.

तुझा,
रायभानमामा