हरतालिकेचं पाणी

येवला, १९ ऑगस्ट

चि. योगिनीस आत्याचे आशीर्वाद.

नाय, मी घाबरलेली नाय. तुझा बाप रंगनाथ डोळे पुसत सांगून गेला, पोरीच्या रक्तात सिकलसेल निघाला. पण अर्धाच, आईबापातल्या एकाकडूनच आलेला. अर्ध्याला काय रडायचं? पोलीस भरतीचं पळणं सोडू नको. आणि हरतालिका निर्जळी धर. मी दरसाल धरते, वर दिवसभर मागावर पैठणी विणते. मागच्या साली लघवी लाल झाली, ती पण आपोआप गेली. दवाखाना केला का मी?

आत्यावरची माया पातळ करू नको.

चतुराबाई

इंदिरानगर, नाशिक, २८ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रागावू नकोस, हरतालिकेला मी पाणी प्यायले. त्याच दिवशी मैदानावर आठशे मीटरची चाचणी होती. डॉक्टर म्हणालेत, वाहक, म्हणजे तू म्हणतेस तसा अर्धाच असलेला, आजारी नव्हे, पळायला हरकत नाही. पण तहानलेल्या अंगानं उन्हात जीव तोडून पळालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सराव घेणाऱ्या सरांना सगळ्यांसमोर सांगितलं, पाय भरून आले तर मी थांबणार. माझ्यासोबत पळणारी संजना म्हणाली, हिला पालखीतून न्या. मी बाटली रिकामी केली, पळाले आणि दुसरी आले. संजना माझ्या मागं. नवरा मिळेल तेव्हा मिळेल, आधी वर्दी.

पण तुझ्या लाल लघवीचं वाचून मी लगेच डॉक्टरांना विचारलं. वाहकांना तसं होतं म्हणे, आणि दुसरंही काही असू शकतं. बाबांकडून आलं असेल तर तुझ्यातही असेल. तपासून ये, नाहीतर सराव सोडून मीच येते.

तुझा धाक असाच राहू दे.

योगिनी

येवला, ६ सप्टेंबर

चि. योगिनीस आशीर्वाद.

येऊ नको, सराव मोडंल. जाऊन आले. डॉक्टरीण बाईनं पहिलं विचारलं, पाणी किती पिता? म्हटलं, मागावरून सारखं उठावं लागतं म्हणून पीतच नाय. तिनं कपाळाला हात लावला. रक्त घेतलं, पोटाचा फोटो काढला.

चारचौघींत तू तोंड उघडलंस. मी लाल लघवीचं सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं. आपल्या घरात धीट निघाली ती तूच. त्या संजनाला म्हणावं, पालखी राहू दे, आमच्या पोरीच्या वर्दीला इस्त्री कर.

मागाशेजारी माठ ठेवलाय. पुढल्या हरतालिकेला देवीला सांगीन, पाणी पिऊन पूजा करते, चालत असंल तर चालव.

लोभ हाय तेवढा पुरे. तपासणीत दुसरा रोग काय नाय. अर्धा निघाला का नाय ते विचारू नको. सांगणार नाय.

चतुराबाई