तापणारा दांडा आणि एक्केचाळीस टॉवेल

सातारा, मंगळवार, २३ जुलै २०२४

आज पाऊस. सकाळी दोन तास वीज नव्हती. जेवायला मुगाची आमटी आणि भात. दुपारी झोप लागली, त्याबद्दल पुढे लिहितो.

ती. अनंतराव यांना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल असं धरून चालतो. वहिनींना नमस्कार, चि. निमिषला आशीर्वाद. माझी तब्येत चांगली आहे. (आमच्याकडे कामाला येणाऱ्या भामाबाईंचा फोन आला असेल, तर तो मनावर घेऊ नका. तेही पुढे येईलच.) फोनवर मला बोलता येत नाही. तुम्ही गप्प, मी गप्प, आणि मग दोघंही एकमेकांना पावसाचं विचारतो. तुमच्या बहिणीचं, शरयूचं, वर्ष होईपर्यंत तुम्ही निमिषचं लग्न पुढे ढकललंत, तेव्हाही मी काही बोललो नाही. आज त्याबद्दल लिहायचं म्हणून बसलो आहे, पण आधी टॉवेलचं सांगतो.

दुखवट्याला मला एक्केचाळीस टॉवेल-टोप्या आल्या (तुमची धरून). टोप्या वाटून संपल्या, टॉवेल कपाटात राहिले. आहेराच्या टॉवेलने कुणी अंग पुसत नाही, तो फक्त या घरातून त्या घरात जातो, हे मला ठाऊक आहे. पण दुखवट्याचा टॉवेल लग्नात देता येत नाही, बारशालाही नाही. म्हणजे कपाट रिकामं व्हायला ओळखीतली एक्केचाळीस माणसं जायला हवीत. मी मनाशी नावं घ्यायला लागलो आणि सातव्या नावाला माझी मलाच लाज वाटली. मग रोज एक टॉवेल वापरायला काढला. इथल्या पावसात तो वाळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरा. अकरा दिवसांनी दारांवर, खुर्च्यांवर, खिडकीच्या गजांवर अकरा ओले टॉवेल झाले. सकाळी धुकं आत येई आणि त्यांच्यामधून हळूहळू फिरे. मला ते बघत बसायला बरं वाटायचं, पण फरशी पुसताना ते भामाबाईंच्या तोंडाला लागत.

म्हणून पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो आणि टॉवेल वाळवणारा विजेचा दांडा मागितला. दुकानदार म्हणाले, असली वस्तू हॉटेलवालेच नेतात, आणि पुस्तक उघडून त्यांनी चित्रं दाखवली: चार दांड्यांचा, सहा दांड्यांचा, एक तर वेलीसारखा वळणावळणाचा. मग घरात माणसं किती, असं विचारलं. मी दोन म्हणालो. (तोंडातून गेलं. त्यांनी लिहूनही घेतलं होतं, मग खोडायला कसं सांगायचं?) दोन माणसांना सहा दांडे लागतात, असा त्यांचा हिशेब निघाला.

आज सकाळी वायरमन आकाराम तो बसवायला आला. खोक्यातून वस्तू बाहेर काढून त्याने ती बराच वेळ उभी-आडवी धरून पाहिली आणि म्हणाला, "आवं काका, ह्यो दांडा न्हाई, शिडी हाय. आन् एवढं तापवायचंच व्हतं, तर बंब काय वाईट व्हता?" जागा करायला न्हाणीघराच्या भिंतीवरचा आरसा काढावा लागला. तो आता व्हरांड्यात आहे, म्हणजे उद्यापासून माझी दाढी सगळी गल्ली बघणार. वीज आल्यावर त्याने पहिलं भोक पाडलं ते नेमकं पाण्याच्या पाइपात. मुख्य कॉक कुठे आहे ते शरयूला माहीत होतं. मी घरभर शोधत होतो आणि आकाराम भोकावर अंगठा दाबून, केसांतून पाणी गळत, अर्धा तास उभा होता. मधून मधून तोच मला धीर देत होता, "सावकाश बघा काका, मी हितंच हाय." कॉक शेवटी तुळशीच्या कुंडीमागे सापडला.

दुपारी एकदाचा दांडा तापला. मी त्यावर एक गुलाबी टॉवेल टाकला, तो गरम झाल्यावर डोक्यावरून घेतला आणि न्हाणीघराला आतून कडी लावून स्टुलावर बसलो. बाहेर पाऊस, आत ऊब. केव्हा डोळा लागला कळलं नाही. मी सांगलीत होतो, तुमच्या हळदीच्या अडतीत. पोत्यांमधून शरयू चालली होती, कोपरापर्यंत पिवळे हात, लग्नघरात असायची तशी घाईत. निमिषला हळद लावायची आहे, दादा कुठे आहे, असं मला विचारत होती. लग्न थांबलंय हे मला तिला सांगता येईना. मी तिच्या मागे मागे नुसता चालत होतो, आणि पोती संपत नव्हती. ते चालणं फार छान होतं, अनंतराव.

मग दार वाजायला लागलं. भामाबाई बाहेरून म्हणत होत्या, "आवं काका, आवाज द्या की. बाई गेल्या तवा बी मी हितंच व्हते. मला पुन्हा ते बघायला लावू नका." आकारामने तोवर माझ्याच टेबलावर चढून वरच्या झडपेतून डोकं आत घातलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा माझे कान आणि कपाळ गुलाबी झालं होतं, कारण आहेराच्या टॉवेलचा रंग ऊब सोसत नाही. भामाबाई हसल्या आणि मग पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेल्या.

असो. बाकी सर्व ठीक.

तुमचे दाजी

ता. क. मूळ गोष्ट राहिलीच. दाजींच्या डोळ्यांसमोर मांडव कसा घालायचा, असं वहिनी म्हणाल्या होत्या. तुम्ही माझ्यासाठी थांबला आहात. मला त्या दिवशी बरं वाटणार नाही हे खरं आहे, पण ते वर्ष झाल्यावरही वाटणार नाही. त्यासाठी निमिषला आणि तुमच्या होणाऱ्या सुनेला, ज्ञानदाला, थांबवू नका. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरा. मी हळदीच्या आदल्या दिवशी येतो. आहेरात मला टॉवेल देऊ नका.

ता. क. दुसरा. संध्याकाळी त्या दुकानात जाऊन मुलांसाठी चार दांड्यांचा एक घेऊन आलो. सांगलीच्या उन्हात त्याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण घेतलेली वस्तू ते परत घेत नाहीत, तेव्हा आता लग्न करणं तुम्हाला भाग आहे.

ता. क. तिसरा. घरात डिंक नाही. पातेल्यातली चार शितं घेऊन पाकीट चिकटवतो.