आरशाला हात लावाल तर खबरदार

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, कात्री बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमच्या सलूनमध्ये हल्ली लोक दाढीला येतात की नुसता पेपर वाचायला? आम्ही इकडे बरे आहोत, आणि या वेळी हे मी रीत म्हणून लिहीत नाही.

ऑपरेशननंतर हिची पाठ सुधारली, पण भीती काही जाईना. डॉक्टर म्हणायचे, उठा, चाला. ही म्हणायची, धरल्याशिवाय नाही. खिडकीशी पडून दिसतील ते तारे पाठ करायची. म्हणून दुर्बीण घ्यायचं ठरवलं. तुम्ही फोनवर ठासून सांगितलंत, लांब नळीची, भिंगाचीच घ्या. (दादा, राग मानू नका, पण तिच्यातून डोक्यावरचं काही बघायचं तर उकिडवं बसून मान मोडावी लागते. पाठ हिची, सल्ला तुमचा!) दुकानदार तर खोक्यावरचं 'शेकडो पट मोठं' दाखवत हात धुऊन मागे लागला. शेवटी माझं एक गिऱ्हाईक, शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर, तोंडाला फेस असतानाच म्हणाले, "पट कसले बघता, आरसा केवढा आहे ते बघा." आरसा म्हटल्यावर मी विरघळलोच. या आरशाच्या दुर्बिणीत डोळा लावायची जागा नळीच्या वरच्या टोकाला, बाजूने असते, म्हणजे वाकायचं कामच नाही. ताटलीएवढा आरसा, खाली फिरणारी लाकडी बैठक. दुकानात मांडलेला नमुनाच उचलून आणला. हिच्यासाठी सलूनची खुर्ची अंगणात ठेवली, पायाने दाबली की हवी तेवढी वर जाते. (चंद्र उलटा दिसेल अशी दुकानदाराने भीती घातली. आख्खा जन्म आरशात बघून लोकांचे भांग पाडण्यात गेला, मला काय उलट्याचं!)

संध्याकाळी बघतो तर आतल्या आरशावर धूळ. आता धुळीचा आरसा दिसला की आपले हात थांबतात का, तुम्हीच सांगा. मी मागचे स्क्रू काढले, सलूनमधली फवाऱ्याची बाटली घेतली, वर्तमानपत्राचा बोळा केला. तेवढ्यात खिडकीतून आरोळी, "अहो, हात लावाल तर खबरदार! त्याचा मुलामा काचेच्या वर असतो, पुसलात की गेला!" (माहितीपत्रक तिने वाचलं होतं, मी नुसतं उलगडलं होतं.) मी म्हटलं, हलकेच पुसतो गं. आणि कोणीतरी माझ्या हातातला बोळा हिसकावला. वर बघतो तर ही! खोली, व्हरांडा, पायऱ्या, सगळं ओलांडून, अनवाणी, कोणी न धरता. तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. मग आधी ती रडली, नंतर मी. आरसा मास्तरांना बोलावून धुळीसकट सरळ बसवून घेतला, आणि चंद्रावरचे खड्डे तरीही स्वच्छ दिसले. दादा, इतक्या महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरला.

तुमचा,
दाजी

ता. क. खुर्ची ती आता सलूनमध्ये परत नेऊ देत नाही. गिऱ्हाइकं स्टुलावर बसून दाढी करून घेतात आणि मान अवघडली की मला बोल लावतात. तुमच्या मागच्या खोलीत एक जादा खुर्ची पडून आहे ना? पत्र खरं तर तेवढ्यासाठीच लिहिलं.

दुसरा ता. क. खुर्ची कोणाबरोबर पाठवू नका, स्वतः घेऊन या. बसथांब्यावर तुम्हाला घ्यायला मी येणार नाही. ती येणार आहे. चालत, एकटी.