‘कप्तान कातळ’ ह्यांना कसा वाटला, त्याबाबत

मी, श्रीमती वेणूबाई अनंता गायकर, वय एकोणसत्तर, धंदा पूर्वी भाजीविक्री, आता काही नाही, राहणार मोरिवली, अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. या घरात कोणाविषयी असे लिहून देता येईल तर ते माझ्याविषयीच, हे वाक्य वकीलसाहेबांनी खोडायला सांगितले. मी खोडलेले नाही.

मला दोन अपत्ये. थोरला हरेश माझ्याजवळ राहतो. धाकटी करिष्मा बदलापुरास, कुळगावात दिलेली. दोघेही सज्ञान आहेत असे कायदा म्हणतो. माझे यजमान अनंता तीन वर्षांपूर्वी झोपेत वारले. त्यांच्या मागे आमच्यात पैशाअडक्यावरून भांडण नाही. भांडण आहे ते त्यांना सिनेमा आवडला होता की नव्हता, यावरून. त्यापायी भाऊबीज बंद झाली आणि आता घरात भिंत घालायची गोष्ट निघाली आहे. माझ्या डोळ्यांदेखत किंवा माझ्या मागे ती भिंत उभी राहू नये, एवढ्यासाठी हे लिहिणे.

कलम १. मोरिवलीचे राहते घर हरेश व करिष्मा या दोघांना मिळून द्यावे, वाटणी न करता. हरेशने ओटीपासून मोरीपर्यंत खडूने रेघ मारून ठेवली आहे. करिष्मा आली की मुद्दाम रेघेपलीकडे पाट टाकून बसते. मी रेघ पुसते, तो परत मारतो. त्या रेघेवर एक जरी वीट बसली तरी सबंध घर गावदेवीच्या देवळाला जाईल. देवळाच्या कमिटीवर कोण कोण आहे हे दोघांना ठाऊक आहे.

कलम २. ट्रंकेतली कॉमिक्स. ती कोणाला द्यायची ते शेवटच्या कलमात येईल, पण ती आली कुठून ते इथे सांगते. यजमान एमआयडीसीत बॉयलरवर होते. सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरात रद्दीच्या दुकानात जात. तिथला सिंधी दुकानदार ‘कप्तान कातळ’चे अंक त्यांच्यासाठी वेगळे काढून ठेवी आणि लांबूनच हाक मारी, “आओ अनंता साईं, आपका पत्थरवाला आया है.” कप्तान कातळ म्हणजे जांभळ्या दगडाचा माणूस. ठोसे कमी मारतो, बडबड फार करतो. माझ्या लग्नानंतरची कित्येक वर्षे मी त्याची बडबड स्वयंपाक करताना ऐकली आहे, कारण हे पोरांना मोठ्याने वाचून दाखवत. पोरे मोठी झाली तरी हे म्हणायचे, “याच्यावर एक दिवस पिक्चर येणार, बघ तू.”

तो आला. आम्ही चौघे पाहायला गेलो. सगळा सिनेमा छापील कागदासारखा होता, जवळून पाहावे तर ठिपकेच ठिपके. पाऊस रेघांचा. ठोसा बसला की ‘धाड’ ही अक्षरे पडद्यावर येऊन उभी राहत. जांभळा रंग काढून कप्तानाला राखाडी केले होते आणि मध्यंतरापर्यंत तो तोंडातून शब्द काढत नव्हता. अर्धे लोक शिट्ट्या वाजवत होते, अर्धे उठून चालले होते. आमची दोन अपत्येही तशीच फुटली. हरेश बाहेर येऊन म्हणाला, “बाबांच्या कातळची पार वाट लावली यार. जांभळा कुठाय?” करिष्मा म्हणाली, “दादा, तुला स्टाईल झेपतच नाही. कॉमिकचं पान हलतंय असं वाटत होतं. सच में.” यजमान रिक्षा थांबवायला पुढे झाले. पुढच्याच आठवड्यात गेले. मत न देता गेले, ही खरी अडचण.

करिष्माचे म्हणणे, बाहेर पडताना बाबा हसत होते, म्हणजे आवडला. हरेशचे म्हणणे, त्यांचे डोळे लाल होते, चोळत होते आणि रिक्षात गप्प बसले होते, म्हणजे जिव्हारी लागला. सिनेमानेच त्यांना मारले, असेही तो म्हणतो. दोघांनी जे पाहिले ते खरे आहे. त्याविषयी शेवटच्या कलमात.

कलम ३. कावळ्याबाबत. यजमानांच्या दहाव्याला उल्हास नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळ्यांनी आपापली वचने देऊन पाहिली. पोरीचे लग्न केव्हाच झालेले, घर बांधलेले, मागे काही राहिलेले नाही. मग करिष्मा पुढे झाली, “बाबा, टेन्शन नका घेऊ, पिक्चर भारीच होता.” त्याच दमात हरेश म्हणाला, “बाबा, बकवास होता, मान्य आहे आम्हाला.” दोघे एकदम बोलले आणि कावळा आला. आमची शेजारीण चांगुणा ओरडली, “आगो वेणू, शिवला गो कावला!” तेव्हापासून कावळा आपल्या बाजूने आला असे दोघेही धरून बसले आहेत. माझे स्पष्ट मत लिहून ठेवते की तो घाटावर पलीकडे बसलेल्या लोकांनी ठेवलेल्या भज्यांसाठी आला होता आणि वाटेत आमच्याकडे थांबला.

या कावळ्यापायी वर्षश्राद्ध दोनदा होते. एक इथे, आवडला नाही म्हणून. एक कुळगावात, आवडला म्हणून. मला दोन्हीकडे जेवावे लागते. माझ्या मागे एकच करावे आणि वडे थोडे मऊ करावेत.

कलम ४. सोनिवलीचा फ्लॅट व बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी. भाजीचा तराजू सूनबाई पायल हिला. तिने सिनेमा मागून पाहिला आणि तिला तो आवडला आहे, पण ती नवऱ्यासमोर नाक मुरडते आणि फोनवर नणंदेपाशी तारीफ करते. तिच्याइतका सारखा काटा मी बाजारातही धरला नाही.

कलम ५. माझी जाऊ विठा हिने हळदीच्या कार्याला नेलेला खलबत्ता परत आणावा. ती नाही म्हणेल. तिच्या मोरीशेजारी उजव्या हाताला आहे.

कलम ६. शेवटचे. थेटरात माझ्या पुढच्या रांगेत हरेश आणि करिष्मा मक्याच्या लाह्यांवरून भांडत होते. माझ्या शेजारी हे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. नावे सुरू झाली तेव्हा ताठ बसले होते. कप्तान यायच्या आत माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपले. महिनाभर त्यांना दम लागून झोप नव्हती. तिथे गारवा होता, खुर्ची मऊ होती. मी उठवले नाही. मध्यंतरात जागे झाले, चहा प्यायले, म्हणाले, “वेणू, काय गार आहे गो इथे,” आणि परत झोपले. बाहेर पडले ते झोप झाल्यामुळे हसत होते आणि झोप झाल्यामुळेच डोळे लाल होते. त्यांना सिनेमा आवडलाही नाही आणि नावडलाही नाही. त्यांनी तो पाहिलाच नाही.

खांदा हलू नये म्हणून मी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. घरी गेल्यावर ह्यांना गोष्ट सांगावी म्हणून नीट पाहिला. सांगायची राहिली. तुम्ही तीन वर्षे मला विचारता, आई, तू बाजूला होतीस, सांग, बाबांना कसा वाटला? तुला कसा वाटला, हे आजपर्यंत दोघांपैकी एकानेही विचारलेले नाही. याचे मला वाईट वाटते.

म्हणून अट अशी. माझ्या दहाव्याला दोघांनी एका जागी उभे राहून, एका आवाजात विचारावे, “आई, तुला पिक्चर कसा वाटला?” दुसरे वचन देऊ नये. कावळा शिवेल. कॉमिक्सची ट्रंक मग दोघांनी दोन्ही कड्या धरून घरात ठेवावी.

या मृत्युपत्राची एकेक प्रत दोघांना आजच पाठवत आहे. विचारण्यासाठी मी मरेपर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही. दुपारी चारनंतर मी घरीच असते.

ठिकाण: मोरिवली, अंबरनाथ पूर्व
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
लिहून देणार: वेणूबाई अनंता गायकर (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. नरेंद्र भीमराव शेजवळ, शेजारी. सिनेमा पाहिलेला नाही. पाहणारही नाही.
२. चांगुणा बाळाराम भोईर, शेजारीण. सिनेमा पाहिलेला नाही. वेणूला कसा वाटला ते मी आत्ताच विचारले. तिने सांगितले. सांगताना चहा दोनदा गार झाला.