चारशे बारावी ओळ

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. पाणी शुद्ध करायचं हे केंद्र गावाबाहेर टेकडीवर आहे आणि मला खोली आवारातच मिळाली आहे. खिडकीतून चार गोल टाक्यांची झाकणं दिसतात, पालथ्या घातलेल्या परातींसारखी. इथले प्रमुख अभियंता, म्हणजे सगळ्यांचे साहेब, माझी बॅग स्वतः उचलून आत घेऊन आले. घाईचा, पण मनानं बरा माणूस.

टाक्यांच्या झडपा उघडणारा-मिटणारा बावीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आता बदलायचा आहे. नवी यंत्रणा बसवणाऱ्यांना जुनं काही वाचता येत नाही, म्हणून माझी आठवण झाली. मी तो ओळीओळीनं चालवायचा आणि कुठली झडप कोणत्या अटीवर उघडते ते उतरवून द्यायचं. तीन आठवड्यांचं काम.

मशीन लावलं आणि तो निळा पडदा समोर आला. पिवळी अक्षरं, वर करडी पट्टी. माहेरी आल्यासारखं वाटलं. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, आई, तुला आणि त्या मशीनला एकाच कपाटात ठेवू. म्हटलं, ठेव बाई, फक्त आत एक प्लग पॉइंट असू दे.

४ मार्च, मंगळवार

पहिल्याच कंपाइलला, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवताना, सदतीस चुका. सगळ्यांचं कारण एकच: फाइली कुठे शोधायच्या तो पत्ता जुन्या डिस्कवरचा होता. तो बदलला आणि सदतीसच्या सदतीस गेल्या. उगाच स्वतःवर खूश होऊन दोन कप चहा प्यायले.

टाक्यांचं रोजचं काम शेजारच्या खोलीतल्या जुळ्या मशीनवर चालतं. माझ्या मशीनची तार काढलेली आहे. मी काहीही दाबलं तरी पाण्याचा थेंब हलणार नाही.

प्रोग्रॅम लिहिलाय ताईंनी. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इथे सगळे नुसतं ‘ताई’ म्हणतात. हात फार स्वच्छ आहे त्यांचा. एका ठिकाणी टीप लिहिली आहे: आत कोणी असेल तर पाणी सोडायचं नाही, आधी माणूस.

ही टीप कशाची, ते स्टोअरमधल्या वहिनींनी समजावलं. टाकीत उतरणाऱ्यानं त्यांच्याकडून लोखंडी पाटी घ्यायची आणि टाकीजवळच्या खुंटीवर लावायची. पाटीच्या वजनानं खुंटी खाली दबते आणि प्रोग्रॅमला कळतं की आत माणूस आहे.

वहिनी म्हणजे ताईंची भावजय. त्यांचे यजमान इथेच फिटर होते. एकोणीस वर्षांपूर्वी ते चौथ्या टाकीत उतरले, वरून पाणी सुटलं आणि ते गेले. पाटी न लावताच उतरले, असं चौकशीत ठरलं. तेव्हापासून ती टाकी बंद आहे, पाइपही कापून टाकलाय. “ह्यांना घाईच फार,” एवढंच वहिनी म्हणाल्या आणि पाट्या पुसत राहिल्या. पाट्या आधीच चकचकीत होत्या.

७ मार्च, शुक्रवार

काम झपाट्यानं चाललंय. सगळा प्रोग्रॅम रोज सातआठ वेळा चालवते. एक छोटी कटकट आहे. मी कुठेही थांबा लावलेला नाही, तरी चारशे बाराव्या ओळीवर तो आपोआप थांबतो. चौथ्या टाकीची झडप उघडणारी ओळ. एफ एट दाबलं, म्हणजे एक पाऊल पुढे टाकलं, की मुकाट्यानं पुढे जातो.

बाजूच्या चौकटीत प्रोग्रॅममधले आकडे दिसतात. तिथे ‘आत’ या नावापुढे एक दिसतो. तार काढलेली असताना शून्य हवा. मेमरीतला जुना कचरा असणार. ओळ थांबली की भिंतीतला पाइपही वाजतो. जुनी इमारत, चालायचंच.

११ मार्च, मंगळवार

आज तो आवाज नीट ऐकला. तीन ठोके, मग शांत, मग पुन्हा तीन.

वहिनींना सहज विचारल्यासारखं विचारलं, फिटर लोक पाइप ठोकतात का? त्या म्हणाल्या, हो, खाली उतरल्यावर तीन ठोके द्यायचे, म्हणजे मी आत आहे, लक्ष असू द्या. का विचारलं, ते मी सांगितलं नाही.

अकरा वाजता प्रोग्रॅम त्या ओळीपर्यंत आणला आणि हात मांडीवर ठेवून बसले. पुढे नेला नाही. अर्धा तास ठोके येत राहिले. सावकाश, न कंटाळता, वर आपलं माणूस आहे अशा भरवशानं.

मग मी एफ एट दाबलं.

भिंतीत पाणी धो धो कोसळल्याचा आवाज आला. ठोके भराभर पडायला लागले, मोजता येईनात. मग एक ठोका. मग काही नाही.

धावत टाकीपाशी गेले. झाकणाचे बोल्ट गंजलेले. कापलेल्या पाइपाच्या तोंडातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. आत पाखरांनी आणलेल्या काड्या.

१३ मार्च, गुरुवार

माझ्या कामाच्या वहीत प्रत्येक वेळेची नोंद आहे. आल्यापासून तो प्रोग्रॅम मी शेहेचाळीस वेळा शेवटपर्यंत चालवला.

शेहेचाळीस वेळा.

चहा पीत. लेकीशी फोनवर हसत.

आज पुढे नेला नाही, ठोके ऐकत बसले. ती ओळ डोळ्यांसमोरच होती. अट बरोबर लिहिलेली आहे: आत कोणी नसेल तर झडप उघड. पण अट संपते तिथे एक अर्धविराम पडलाय. एवढासा ठिपका आणि त्याला शेपूट. त्यामुळे अट तिथेच संपते आणि पुढची ओळ मोकळी सुटते. आत कोणी असो वा नसो, झडप उघडणारच. कंपाइलर याला चूक म्हणत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे वहिनींच्या यजमानांनी पाटी लावली होती. ‘आत’पुढे एक आहे तो त्याचाच.

आणि ही बाई एकोणीस वर्षं पाट्या पुसतेय.

१७ मार्च, सोमवार

अर्धविराम काढला. कंपाइल केलं. शून्य चुका. सकाळी फाइल उघडली तर तो जागच्या जागी. पुन्हा काढला, पुन्हा आला. तीनदा.

दुपारी ताईंकडे गेले. बाजारामागे एका खोलीत एकट्या राहतात. सत्तरी उलटलेली, हात थोडे थरथरतात. मी ठोक्यांपर्यंत आले तेव्हा त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली. अर्धविरामाचं सांगितलं तेव्हा डोळे मिटले.

मग म्हणाल्या, “त्यानं पाटी लावली होती. मला माहीत होतं.”

चौकशीच्या आदल्या दिवशी त्यांना तो अर्धविराम सापडला होता. चालू मशीनमधून त्यांनी तो गुपचूप काढला आणि दुसऱ्या दिवशी साहेब लोकांसमोर गप्प बसल्या. धाकटा भाऊ बेफिकीर ठरला. भावजयीला दयेपोटी स्टोअरमध्ये नोकरी मिळाली. त्यानंतर ताईंनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. लोकांना वाटलं, मानी आहेत.

“काढला असं वाटलं होतं मला,” त्या म्हणाल्या. “तो असा जायचा नाही. आधी भावासमोर कबूल करावं लागेल.”

१९ मार्च, बुधवार

ठरलं. शुक्रवारी ताई टाकीत उतरणार, त्याच्यासमोर सांगणार. मी लिहून घ्यायचं, खाली त्यांची सही. मग तो कागद वहिनींच्या हातात. ताईंना एकटीला शिडीवरून कसं सोडू? मीही उतरणार.

मापं घ्यायचीत असं सांगून फिटरकडून बोल्ट सैल करून घेतले. त्याच दिवशी नव्या यंत्रणेचे लोक पाहणीला येणार आहेत. साहेबांना दोनदा सांगितलं, माझ्या मशीनला कुणी हात लावू देऊ नका. ते फोनवर होते. मान हलवली.

आज प्रोग्रॅम चालवला नाही. तरी ठोके येतात.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी दहा. वहिनींकडून दोन पाट्या घेतल्या. सही केली. ताईंना इतक्या वर्षांनी बघून त्या उभ्याच राहिल्या. ताईंच्या पदराला जाळं लागलं होतं, ते हातानं काढलं, बस.

पाट्या खुंटीवर लावल्या.

प्रोग्रॅम चारशे बारावर थांबवून ठेवलाय. तो तिथे थांबलेला असेल तोवर भाऊ जिवंत असतो, असं ताई म्हणतात. कीबोर्डवर कागद ठेवलाय — हात लावू नये.

अकरा. टाकीत. कोरडं. बॅटरीच्या उजेडात लिहितेय. ताई तळाशी बसल्यात, पाइपाला पाठ टेकून. ठोके त्यांच्या खांद्याशी येतात. त्या घाबरल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “आले रे.” ठोके थांबले. ऐकतोय.

त्या सांगतात तसं लिहिते.

मी, या केंद्राची निवृत्त प्रोग्रॅमर, पूर्ण शुद्धीत सांगते की माझ्या भावाच्या मृत्यूला माझी चूक कारणीभूत आहे. ती मला चौकशीआधी समजली होती. मी लपवली. त्याच्या बायकोला एकोणीस वर्षं मी खोट्यात

ताई रडताहेत. थांबते.

वर माणसं बोलतायत, पाइपातून ऐकू येतं. साहेबांचा आवाज. पाहुणे. माझ्या मशीनच्या खोलीत — हसतायत. जुना निळा पडदा बघून हसतायत.

ओरडले. इथून आवाज वर जात नाही.

पाइप हलला. ठोका नाही. सलग. ताईंनी वर पाहिलं, म्हणाल्या, “कुणीतरी पुढे नेला.”

पाइप कापलेला आहे. मी बघितलाय. आभाळ दिसतं त्यातून. कापलेला —

पाय ओले.

ताई उठत नाहीत. हात ओढला. दुसऱ्या बाजूनं कुणी धरलाय. सोडत नाहीत त्या — त्यांनाच सोडायचा नाही. सही राहिली.

गुडघ्यापर्यंत.

शिडीवर आहे. एका हातानं. वही वर फेकते. ज्याला मिळेल त्यानं वहिनींना द्या, स्टोअरमध्ये. ऐका वहिनी, त्यांनी घाई केली नव्हती. त्यांनी पाटी लाव