कथलाच्या तारा

४ ऑगस्ट, सोमवार
उगवल्या. शेवटी उगवल्या. सिलिकॉनच्या तुकड्यावर कथलाचे बारीक थेंब, भट्टीत वायू सोडला, आणि प्रत्येक थेंबाखाली सिलिकॉनची एक तार, केसाच्या हजाराव्या भागाएवढी. सगळं जग या थेंबांसाठी सोनं वापरतं. पण सोन्याने सिलिकॉन बिघडतं, म्हणून चिप बनवणारे त्याला दारात उभं करत नाहीत. माझ्या कथलावर उगवल्या. डिसेंबरात माझी नोकरी संपते. आता मुदतवाढ कोण नाकारतो ते बघतोच.
संकल्प : नम्र राहायचं.

५ ऑगस्ट
नम्र राहणं जमलं नाही. कँटीनमध्ये सगळ्या टेबलांवर सांगून झालं.
घरी बायकोने विषय काढला. ती फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलने तिला विभागप्रमुख म्हणून बोलावलंय, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. अशी संधी परत यायची नाही, असं तिचं म्हणणं. तरी म्हणाली की माझी नोकरी राहणार असेल तर ती नकार कळवेल, नसेल तर दोघंही तिकडे जाऊ. फार समजूतदार आहे. मी म्हणालो, खुशाल नकार कळव.

७ ऑगस्ट, दुपार
मायक्रोस्कोपवालीने बोलावून घेतलं. म्हणे तारांच्या टोकांवर सोनं दिसतंय. मी हसून सांगितलं की फोटो नीट यावा म्हणून तुम्हीच सोन्याचा मुलामा देता, तोच दिसणार. तर म्हणाली, या वेळी मुलामा दिलेलाच नाही. मग मशीन बिघडलं असेल. असं म्हटल्यावर तिचं तोंड वाकडं झालं. काही लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

८ ऑगस्ट, सकाळ
बायकोने विचारलं, नक्की ना? मनात काहीतरी टोचत होतं, पण तिच्या जिवाला उगाच कशाला घोर. शंभर टक्के, म्हणालो. तिने माझ्यासमोरच नकाराचा मेल पाठवला आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी स्वच्छच होती.

११ ऑगस्ट
मायक्रोस्कोपवालीने आमच्या लॅबच्या मॅडमचे कान भरले. मी ठणकावून सांगितलं : भट्टीतली नळी माझ्या आधीच्या माणसाची. तो वर्षानुवर्षं सोन्यावरच काम करायचा, सगळे त्याला सोनारच म्हणत. सोनं दिसलंच असेल तर ती त्याची घाण, माझ्या तारांचा काय संबंध? नळी नवी द्या, तारा याहून सरळ येतील. मॅडम लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच म्हणतील असं वाटलं नव्हतं.

१४ ऑगस्ट
नवी नळी. काही उगवलं नाही. नव्या वस्तूला रुळायला वेळ लागतो.

१८ ऑगस्ट
कथलाचे थेंब जसेच्या तसे, टकलावर घाम यावा तसे. सिलिंडर जुना असणार. गॅस पुरवणाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं. त्याने सिलिंडर भरल्याची तारीख वाचून दाखवली, याच महिन्यातली. बोलण्याची पद्धत उद्धट.
बायको हल्ली रोज कामाचं विचारते. मी चाललंय म्हणतो. झोप नाही. भीती वाटते.

२० ऑगस्ट
मॅडमनी जुनी नळी परत बसवायला लावली आणि आत सिलिकॉनचा कोरा तुकडा ठेवला. कथील नाहीच. संध्याकाळी बघतो तर तारांचं रान. क्षणभर वाटलं, धातूशिवाय तारा, हा तर त्याहून मोठा शोध. मॅडमचा चेहरा बघून बोललो नाही. त्या शांतपणे म्हणाल्या की नळीत मुरलेलं सोनारचं सोनं उडून तुकड्यावर बसतं, माझ्या कथलाने कधीच काही केलेलं नाही, आणि मुदतवाढीचा अर्ज आता पुढे पाठवण्यात अर्थ नाही.

२१ ऑगस्ट
संकल्प : आज बायकोला सांगायचंच. तिचं डोकं दुखत होतं. मग माझंही दुखायला लागलं.

२२ ऑगस्ट, सकाळ
सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने लगेच हॉस्पिटलला फोन लावला. जागा भरली होती. फोन ठेवून ती खुर्चीत बसली आणि एवढंच विचारलं, की तिने नकार कळवला त्या सकाळी मला यातलं काही माहीत होतं का.
मी नाही म्हणालो.
ती म्हणाली, मग त्यात तुझा तरी काय दोष, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.