भंगारातला रिले

हिंगणघाट, मंगळवार, नोव्हेंबर १९९८

कितीतरी दिवस वही उघडलीच नाही. लिहायला बसलं की डोकं फिरते. लाईट आली की पंपाची मोटार आपोआप सुरू करणारा स्टार्टर करून राह्यलो, अन् अजून रिलेची, म्हणजे करंटनं चालणाऱ्या खटक्याची, कॉइलच हातानं गुंडाळतो. तीही अर्धी सोडून कुस्त्या पाहायले गेलतो. दुकानवाले बंडूभाऊ ओरडले, "काऊन बे, भंगारातल्या स्टॅबिलायझरचा रिले काढून लाव ना!" मले सगळं स्वतःचं पाहिजे होतं. कशाले? समुद्रपूरच्या सुधाकरनं भंगारातलाच रिले लावला, अन् त्याचे स्टार्टर शेतात चालू बी झाले. माझा पूर्ण झाला तो फक्त टायमर, व्होल्टेज स्थिर होईपर्यंत मोटार थांबवणारा. नुसता टायमर कोण घेते?

बाहेरून कोण हाका मारते? सुधाकर! "अबे, लाईट आल्याबरोबर सुरू होऊन मोटारी जळून राह्यल्या. तुहा टायमर दे, माह्या स्टार्टरच्या डब्यात बसवतो!"